बोटे गेली, भरपाईही नाकारली : आता दाद कोणाकडे मागायची?

कामावर झालेल्या अपघाताच्या नुकसानभरपाईबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. नावे, गावे आणि कारखाने वगळले आहेत. तिन्ही अपघात २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीचे, म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचे आहेत. त्यामुळे उत्तरे अपघाताच्या वेळी अमलात असलेल्या कायद्यांना धरून दिली आहेत.

प्रश्न : माझे पती वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर ऑपरेटर होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या पाळीत प्रेस हातावर आला आणि उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट मुळापासून काढावे लागले. त्या वेळी त्यांना ३५ वर्षे पूर्ण झाली होती आणि पगार दरमहा २२,८०० रुपये होता. रुग्णालयाचे बिल कंपनीने भरले. परंतु भरपाई मागितल्यावर नकाराचे पत्र आले. त्यात म्हटले आहे की, ते कंपनीचे कामगार नव्हते, हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर त्यांनी स्वतःच बंद केला होता आणि विमा कंपनीला दिलेल्या कामगारांच्या यादीत त्यांचे नाव नसल्याने तिने दावा फेटाळला आहे. ओळखीच्या एका वकिलांनी मिळेल त्या रकमेचे ३० टक्के मागितले आहेत. आमच्यापाशी आगाऊ द्यायला पैसे नाहीत. पुढे जाण्यात काही अर्थ आहे का आणि कायद्याची मदत कोठे मिळेल?

उत्तर : सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की, ज्याच्याकडून पैसे यायचे आहेत त्यानेच लिहिलेले हे पत्र आहे. भरपाई द्यायची की नाही, किती द्यायची आणि कोणी द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या कलम १९ नुसार केवळ नुकसानभरपाई आयुक्तांना आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच हे काम पाहतात. कंपनीने किंवा विमा कंपनीने दावा ‘फेटाळला’ असे म्हटले, तरी कायद्याच्या दृष्टीने एवढेच झाले आहे की, वाद निर्माण झाला आणि आयुक्तांपुढे अर्ज करण्याची वाट मोकळी झाली.

या वाटेला मुदत आहे. अपघाताच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो. तुमच्या बाबतीत ही मुदत फेब्रुवारी २०२७ मध्ये संपते. पुरेसे कारण दाखवल्यास आयुक्त विलंब माफ करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नये. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. ‘मोठे साहेब आले की बघू’, ‘विमा कंपनीला पुन्हा लिहिले आहे’ अशा निरोपांवर वर्ष-दीड वर्ष घालवून शेवटच्या महिन्यात धावपळ करणारी कुटुंबे मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता नकाराची तीन कारणे पाहू. ‘आमचा कामगार नव्हता’ हे सर्वांत दुबळे कारण आहे. कलम १२ नुसार, जे काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग आहे ते त्याने ठेकेदाराकडून करून घेतले आणि अपघात मालकाच्या ताब्यातील जागेत झाला, तर भरपाईची मागणी थेट मालकाकडे करता येते. मालकाने नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस चालवणे हा धंद्याचा भाग नाही, असे कोणाला म्हणता येईल असे वाटत नाही. अर्जात कंपनी, ठेकेदार आणि विमा कंपनी या तिघांनाही विरुद्ध पक्ष करावे; एकाला वगळले की उरलेले दोघे त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे होतात.

दुसरे कारण मात्र गंभीरपणे घ्यावे लागेल. सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश कामगाराने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचे साधन आहे हे ठाऊक असूनही ते मुद्दाम काढून टाकले अथवा दुर्लक्षिले, तर मालकाची जबाबदारी सुटू शकते. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असल्यास मालकाला हा बचाव घेता येत नाही, पण तुमच्या पतींचे अपंगत्व कायमचे असले तरी कायद्याच्या भाषेत ‘अंशतः’ असल्याने तो येथे घेता येतो. तरीही येथे साधा निष्काळजीपणा पुरत नाही. कृती जाणूनबुजून केलेली होती हे सिद्ध करावे लागते आणि ते सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असते.

म्हणून पतींना शांतपणे बसवून त्या पाळीची हकिगत तपशिलाने लिहून काढा. सेन्सरचे पॅनेल कोण उघडू शकत होते आणि त्याची किल्ली कोणाकडे असे? प्रेस दोन हातांच्या बटणांवर चालत होता की पायाच्या पेडलवर? अनेक ठिकाणी एका बटणात लाकडाची पाचर ठोकून किंवा त्यावर चिकटपट्टी लावून ते कायमचे दाबून ठेवलेले असते, कारण दोन्ही हात गुंतले की तासाला ठरवून दिलेले नग निघत नाहीत. तुमच्या पतींच्या यंत्रावर असे काही होते का, किती दिवसांपासून होते आणि आधीच्या पाळीचा ऑपरेटरही तसेच काम करीत असे का? सुपरवायझर दर तासाला नग मोजायला येत असेल, तर बंद सेन्सर त्याला दिसत नव्हता असे कंपनीला म्हणता येणार नाही. याआधी त्यांना कधी लेखी मेमो दिला होता का? सुरक्षा प्रशिक्षणाच्या नोंदवहीवर त्यांची सही असेल, तर ते प्रशिक्षण कोणत्या भाषेत आणि किती मिनिटे झाले? यातील तीन-चार प्रश्नांची खरी उत्तरे उलटतपासणीत बाहेर आली, तर ‘त्यानेच सेन्सर बंद केला’ हे वाक्य फार काळ टिकत नाही. साक्षीदार निवडताना, त्याच कारखान्यात नोकरी टिकवायची असलेल्या तिघांपेक्षा नोकरी सोडून गेलेला एक सहकारी अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

विम्याच्या यादीत नाव नसणे हा मालक आणि विमा कंपनी यांच्यातील प्रश्न आहे. भरपाईची मूळ जबाबदारी मालकाची आहे आणि विमा नाही म्हणून ती संपत नाही. उलट, सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वेदप्रकाश गर्ग यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, भरपाई व व्याज विमा कंपनीकडून देवविता येते. मात्र विलंबाबद्दलचा दंड मालकानेच स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात न दिल्यास किमान १२ टक्के व्याज आणि विलंबाला समर्थनीय कारण नसल्यास रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड, अशी कलम ४-अ ची तरतूद आहे. कंपनीला पाठवायच्या नोटिशीत हा दंडाचा मुद्दा ठळकपणे लिहावा.

रकमेचा अंदाज असा. पगार २२,८०० असला तरी अपघाताच्या वेळी हिशेबासाठी कमाल १५,००० रुपयेच धरले जात. कायमच्या अपंगत्वासाठी त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. पस्तीस वर्षे वयासाठी अनुसूचीतील, म्हणजे कायद्याला जोडलेल्या तक्त्यातील, गुणक १९७.०६, गुणाकार १७,७३,५४०. एका हाताची दोन बोटे गेल्यास कमावण्याच्या क्षमतेत २० टक्के घट झाली असे पहिली अनुसूची मानते. म्हणजे ३,५४,७०८ रुपये, आणि त्यावर अपघाताच्या तारखेपासून १२ टक्क्यांनी वर्षाला सुमारे ४२,५६५ रुपये व्याज. रुग्णालयाचे बिल कंपनीने भरले असले तरी ते यातून वजा होत नाही.

परंतु २० टक्के ही शेवटची रेघ समजू नका. १९७५ च्या प्रताप नारायण सिंह देव यांच्या प्रकरणात डावा हात गमावलेल्या सुताराचा प्रश्न होता. एका हाताने सुतारकाम होणे शक्य नसल्याने त्याची क्षमता पूर्णपणे गेली, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. तुमचे पती उजव्या हाताने काम करणारे असतील आणि आता प्रेसवर उभे राहणे त्यांना शक्य नसेल, तर तसे स्पष्ट लिहिलेला वैद्यकीय दाखला घ्यावा. ‘अपंगत्व अमुक टक्के’ एवढेच लिहिलेला दाखला अपुरा ठरतो. कोणते काम आता करता येत नाही, हे त्यात यायला हवे, आणि गरज पडल्यास साक्ष देण्याची डॉक्टरांची तयारी हवी.

कागद आजपासूनच गोळा करा : रुग्णालयातील एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद व डिस्चार्ज कार्ड, गेटपास, पगारचिठ्ठ्या, बँकेतील पगाराच्या नोंदी, पीएफचे पासबुक, वयाचा पुरावा आणि अपघातानंतर सुपरवायझरशी झालेले मोबाइलवरील संदेश. कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला अपघाताची सूचना दिली असल्यास तिची आणि निरीक्षकाच्या चौकशी अहवालाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. सूचना दिलीच नसेल, तर तेही पुढे उपयोगी पडते.

आता वकिलाचा प्रश्न. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई केलेली आहे. व्यवहारात असे बोलणे सर्रास चालते हे मला ठाऊक आहे, आणि तसे बोलणारा प्रत्येक वकील वाईट असतो असेही नाही. पण ३० टक्क्यांचा कागद किंवा सही केलेला कोरा धनादेश कोणालाही देऊ नये. टप्प्याटप्प्याने ठरावीक फी घेणारे वकील मिळतात. पहिल्या भेटीत फीइतकेच हेही विचारावे की, कामगार न्यायालयात भरपाईची प्रकरणे त्यांनी स्वतः चालवली आहेत का, डॉक्टरांची साक्ष ते घेणार का, आणि तारखेला ते स्वतः येणार की कनिष्ठ वकील येणार.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिलेला आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती यांनाही ती नाही. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही मार्गदर्शन मिळते. सरकारी वकील म्हणजे दुय्यम वकील, असे मनात धरून लोक तेथे जात नाहीत. हे नुकसानीचे आहे. मात्र नेमलेले वकील तारखांना हजर राहत नसतील तर गप्प न बसता प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवून वकील बदलून मागावा आणि प्रत्येक कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

वकिलाशिवायही दार बंद नाही. नुकसानभरपाई अधिनियमाच्या कलम २४ नुसार नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी तुमच्या पतींच्या वतीने उभा राहू शकतो, आणि अर्जदाराला लिहिता येत नसेल तर त्याने इच्छा व्यक्त केल्यावर आयुक्तांच्या देखरेखीखाली अर्ज तयार करून देण्याची तरतूद कलम २२ मध्येच आहे. अर्ज अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता त्या ठिकाणी किंवा कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आहे त्या ठिकाणी करता येतो. घराजवळचे ठिकाण निवडा. तारखांना दर वेळी लांबचा प्रवास करणारा पक्षकार लवकर थकतो आणि समोरच्याला ते माहीत असते.

कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा करतो. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. मध्येच लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येईल. वरचा हिशेब कागदावर मांडून मगच होकार द्यावा, कारण लोकअदालतीच्या निवाड्याविरुद्ध अपील करता येत नाही. आयुक्तांचा निकाल तुमच्या बाजूने लागल्यास मालकाला उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी ६० दिवस असतात. पण ठरलेली रक्कम आधी आयुक्तांकडे जमा केल्याशिवाय ते अपील चालत नाही.

प्रश्न : मी पॅकिंगच्या कारखान्यात काम करतो, आम्ही सुमारे ४० जण आहोत. पगार १६,५०० रुपये असून पगारचिठ्ठीत दरमहा १२४ रुपये ईएसआयसाठी (कर्मचारी राज्य विम्यासाठी) कापलेले दिसतात. जून २०२५ मध्ये सीलिंग मशीनमध्ये माझा हात भाजला. ईएसआयच्या कार्यालयात सांगितले की, माझी नोंदणी अपघाताच्या दुसऱ्या दिवशी झाली आहे, म्हणून लाभ मिळणार नाही. नुकसानभरपाई आयुक्तांकडे दावा करू का?

उत्तर : नाही, तेथे गेल्यास वेळ वाया जाण्याचीच शक्यता अधिक आहे. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ ज्याला लागू होतो त्या कामगाराला त्याच अपघातासाठी नुकसानभरपाई अधिनियमाखाली मागणी करता येत नाही, असे कलम ५३ सांगते. दहा किंवा अधिक कामगार आणि २१,००० रुपयांपर्यंतचा पगार या दोन्ही अटी तुमच्या बाबतीत पूर्ण होतात.

नोंदणी उशिरा झाली हा मालकाचा दोष आहे. कामावरील दुखापतीच्या लाभासाठी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. तुम्ही त्या दिवशी कामावर होता, एवढे दाखवणे पुरेसे आहे. मालकाने वर्गणी भरली नसेल, तर कर्मचारी राज्य विमा महामंडळाने कामगाराला लाभ द्यावा आणि मालकाकडून वसुली करावी, अशी सोय कलम ६८ मध्ये आहे. तुमच्याजवळची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे अपघातापूर्वीच्या महिन्यांच्या, १२४ रुपये कापलेल्या पगारचिठ्ठ्या. १६,५०० चे पाऊण टक्का म्हणजे १२३.७५, पूर्ण रुपयांत तेवढेच होतात. म्हणजे मालक तुम्हाला विमा लागू आहे असे धरूनच पैसे कापत होता. त्या मूळ स्वरूपात सांभाळा आणि कोणालाही फक्त प्रतीच द्या.

लेखी मागणी शाखा कार्यालयात देऊन तिची पोच घ्या. लाभ देय झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत मागणी केलेली असणे पुढे महत्त्वाचे ठरते, म्हणून उशीर करू नका. तोंडी नकारावर परत येऊ नका. नकार लेखी मागा. तो मिळाला, किंवा उत्तरच आले नाही, तर कर्मचारी विमा न्यायालयात कलम ७५ खाली दाद मागता येते. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील या कामासाठीही मिळतो. हात कामातून किती गेला हे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्याची टक्केवारी कमी वाटल्यास अपील करता येते. काम बंद असलेल्या काळासाठी सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के दराने मिळणारी रक्कम ही त्याहून वेगळी मागणी आहे. ती अर्जात स्वतंत्र लिहावी.

प्रश्न : माझा २५ वर्षांचा अविवाहित मुलगा ऑगस्ट २०२५ मध्ये बांधकामावरून पडून वारला. ठेकेदाराकडे सहा-सात माणसे होती. पगार १४,००० रुपये होता. मी विधवा आहे. तेराव्याच्या आधीच ठेकेदाराने दोन लाख रुपये रोख आणून दिले आणि ‘यापुढे काहीही मागणार नाही’ अशा स्टँपपेपरवर माझा अंगठा घेतला. आता वकील म्हणतात, सही झाली, विषय संपला. हे खरे आहे का?

उत्तर : खरे नाही. मृत्यूची भरपाई वारसांच्या हातात परस्पर देता येत नाही. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते आणि बाहेर दिलेली रक्कम कायदा भरपाई मानत नाही, असे नुकसानभरपाई अधिनियमाचे कलम ८ स्पष्ट सांगते. अपवाद फक्त आगाऊ मदतीचा असून तीही तीन महिन्यांच्या पगाराएवढी, म्हणजे तुमच्या बाबतीत ४२,००० रुपयांपर्यंतच वजा होऊ शकते. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ नुसार तेवढ्यापुरता निरर्थक असतो, मग तो कितीही रुपयांच्या स्टँपपेपरवर असो.

मृत्यूच्या बाबतीत पगाराचे ५० टक्के धरतात; १४,००० चे ५० टक्के म्हणजे ७,०००. पंचवीस वर्षांसाठीचा गुणक २१६.९१, भरपाई होते १५,१८,३७०. व्याज व अंत्यसंस्काराचा खर्च वेगळा. विधवा आई ही कायद्याने आश्रितच मानलेली असल्यामुळे मुलाच्या कमाईवर तुम्ही अवलंबून होता हे वेगळे सिद्ध करण्याचीही गरज नाही. महिला म्हणून तुम्हाला मोफत वकील मिळेल. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, पोलिसांचा पंचनामा आणि मुलाच्या वयाचा पुरावा घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलाची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होती का, तेही पाहा. त्या मंडळाची मदत या भरपाईहून स्वतंत्र असते.

स्टँपपेपरची प्रत तुमच्याकडे नसेल तर ठेकेदाराकडे मागू नका. मागितली की तो सावध होईल. अर्ज दाखल झाल्यावर तो स्वतःच ती आयुक्तांपुढे हजर करील, आणि त्यात तुमचा मुलगा त्याच्याकडे कामाला होता, हे त्यानेच लिहून दिलेले असेल.